दोन बोटं वाट

मुळेगाव मागं पडलं की डोक्यात कारखाना सुरू होतो.
साठपर्यंत काही नाही.
सत्तरला एक शिट्टी,
कुणी लांबून कुत्र्याला बोलावल्यासारखी.
ऐंशीला सगळे माग एकदम.
हैदराबाद रोड सरळ, झाडं विरळ,
वाऱ्याला दुसरं काम नाही.

आधी मी हेल्मेटला दोष दिला.
नवं घेतलं, अकरा हजारांचं. घरी सांगितलं चार.
मग कानात कापसाचे बोळे.
मग गळ्याभोवती टेरी टॉवेल, दुय्यम माल,
हनुवटीखालची फट बुजवायला.
थोडं कमी झालं. फार नाही.
मग दस्तगीरकडून काच बदलली,
चार इंच उंच, धुरकट, ऐटबाज,
तर डोकं मानेवर
अर्ध्या घागरीसारखं डुचमळायला लागलं.
दस्तगीर म्हणाला, ताई,
वारा दिसत नाही ना, तिथंच घोळ आहे.

एकदा बोरामणीच्या अलीकडे
पायदानांवर उभी राहिले, कंबर आखडली म्हणून,
आणि गोंगाट गेला.
नुसता वारा उरला, गार, एका दिशेचा.
म्हणजे दोष हेल्मेटचा नव्हता.
अकरा हजार.

अण्णा ओठ बघून ऐकतात.
एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
चोवीस मागांच्या मधे.
माणूस पाळी संपवून घरी यायचा,
कान तिथंच.
मी हातांनीच सांगितलं : काच, डोकं, घुर्र.
ते उठले, फडताळातून लाल सुताचं बुचकं काढलं,
वीत-वीतभर तुकडे तोडले,
आणि खाली जाऊन चिकटपट्टीनं
काचेवर, टाकीवर, माझ्या हेल्मेटच्या कपाळावर
लावत बसले.
यमुलकाकू गॅलरीतून म्हणाल्या,
पूजा हाय का ओ गाडीची?

रविवारी पहाटे अण्णा मागं बसले,
माझ्या खांद्यावरून पुढं बघत.
सत्तर.
काचेच्या मध्यावरचे धागे सपाट,
तेल लावून विंचरल्यासारखे.
वरच्या कडेचे मात्र उभे,
गरगर, उलटे, माझ्याकडं तोंड करून.
वारा पुढं जाऊन माघारी येत होता.
पाठीवर थाप पडली. थांब.

भुईमुगाच्या शेताकडेला
त्यांनी काचेच्या खालच्या कडेशी
दोन बोटं आडवी धरली.
"इथनं सोड की त्याला.
आत पोकळ पडलंय, म्हणून वरचा खाली कोसळतोय.
ताण एकाच अंगाला आला की
सूत तुटतंयच."
पाना, चार बोल्ट, रबराचे जाड वायसर,
काच दोन बोटं पुढं, खालून वाट.
वरचे तीन इंच दस्तगीरनं नंतर कापले,
पण फरक तिथंच पडला,
शेताकडेला.

येताना ऐंशी.
धागे निजले.
आरशाजवळचे दोन सोडून; ते अजून भांडतात.
शांत म्हणता येणार नाही.
पण चेनचा आवाज वेगळा कळला,
टायरखालची बारीक खडी कळली,
आणि कानाच्या मागं कुणीतरी :
नलभै ओकटी. नलभै रेंडू.

अण्णा मोजत होते.
मोठ्यानं.
त्यांना वाटत होतं, मनातल्या मनात.

एकतीस वर्षं हे चालू असणार
चोवीस मागांच्या मधे,
कुणाला ऐकू न जाता,
त्यांनासुद्धा.

काय मोजत होते?
किलोमीटरचे दगड नव्हेत, ते इतके नाहीत.
ट्रकही नव्हेत, रस्ता रिकामा होता.
मी गिअर न बदलता हळूच साठवर आले,
लाल धागे जरा ढिले पडले,
आवाज आणखी जवळ आला.

मुळेगावच्या वळणावर नूरू झाले.
एक श्वास थांबले.
मग परत, ओकटी.